आधी राखण, मग रोपं

नागपूर जिल्ह्यातल्या बुटीबोरीच्या आसपास फिरलं की दोन तऱ्हेची जमीन दिसते. सखल भागात काळी, कापसा-तुरीची, उन्हाळ्यात मोठाल्या भेगा पडणारी. उंचवट्यांवर मुरमाची. तिच्यावर पावसाळ्यात कुसळी गवत उगवतं, दिवाळीनंतर वाळतं आणि होळीपर्यंत ढोरं तरी ते संपवतात, नाहीतर आग. हा लेख या दुसऱ्या जमिनीबद्दल आहे. गावाचं गायरान, झुडपी जंगलाचा तुकडा, ले-आउटमधली मोकळी जागा किंवा स्वतःच्या शेतातला पेरा न होणारा बरड यांपैकी काहीही तुमच्याकडे असेल आणि तिथे पुन्हा झाडी उभी राहावी असं मनापासून वाटत असेल, तर माझं सांगणं एकच आहे. रोपं सगळ्यात शेवटी आणा. आधी त्या जागेची राखण बसवा.

दरवर्षी मृगाचा पाऊस पडला की औद्योगिक वसाहतीतल्या कंपन्या, शाळा, मंडळं खड्डे घेतात आणि रोपं लावतात. भावना खरी असते, घामही खरा असतो. पण मोजदाद होते ती लावलेल्या रोपांची. राज्य सरकारच्या वृक्षलागवड मोहिमेत २०१६ साली २ कोटी, २०१७ ला ४ कोटी, २०१८ ला १३ कोटी आणि २०१९ ला ३३ कोटी असं लक्ष्य चढत गेलं. तुमच्या गावाने दुसरा आकडा ठेवावा. दिवाळीच्या सुमारास जगलेली झाडं किती आणि मे संपताना जगलेली किती, हे एका वहीत, दर वर्षी, पाच वर्षं लिहा. त्या वहीवरून पुढचे सगळे निर्णय सोपे होतात.

जमीन कोणाची, हे आधी बघा

आपल्या भागात हा प्रश्न महाराष्ट्राच्या इतर भागांपेक्षा गुंतागुंतीचा आहे. आपण जुन्या मध्य प्रांतातले, त्यामुळे आपल्या महसुली कागदांत निस्तार पत्रक आहे, झुडपी जंगल आहे. सातबाऱ्यासोबत निस्तार पत्रकही तलाठ्याकडून काढून घ्या. गुरं चारणं, जळण, माती-मुरूम, वहिवाट यांपैकी कोणत्या कामासाठी तो सर्व्हे नंबर राखला आहे, ते तिथे लिहिलेलं असतं. गावातल्या जुन्या माणसांनाही विचारा. कागदावर नसलेली एखादी वाट किंवा आखर त्यांनाच ठाऊक असतो.

झुडपी जंगलाबाबत विशेष जपून. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांतल्या सुमारे ८६ हजार हेक्टर झुडपी जमिनीला वनजमीनच मानावं, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २२ मे २०२५ रोजी दिला आहे. म्हणजे तिथे उत्साहाच्या भरात जेसीबी घेऊन चर खणायला जाता येणार नाही. वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याला भेटा, गावात संयुक्त वन व्यवस्थापन समिती असेल तर तिच्यामार्फत काम मांडा, नसेल तर ती स्थापन करायला सांगा. या निकालाने काम अडलं असं काहींना वाटतं. मला वाटतं, या जमिनी प्लॉट पाडण्यासाठी उपलब्ध राहिल्या नाहीत हीच मोठी गोष्ट आहे.

बुटीबोरी शहरात आता नगरपरिषद आहे, त्यामुळे तिथे ग्रामसभा नाही. शहरातल्या मोकळ्या जागेसाठी नगरपरिषदेचा ठराव लागेल आणि देखभालीचा लेखी करार रहिवाशांच्या नोंदणीकृत संस्थेशी व्हायला हवा. आजूबाजूच्या खेड्यांत मात्र ग्रामसभा शाबूत आहे आणि तिच्या ठरावाला वजन आहे. काम तिथून सुरू करणं सोपं जातं.

आणखी एक खबरदारी. नागपूर जिल्ह्यातली महापाषाणकालीन शिळावर्तुळं अशाच मुरमाड उंचवट्यांवर आहेत. बुटीबोरीजवळच्या टाकळघाट-खापा इथे नागपूर विद्यापीठाने प्रा. शां. भा. देव यांच्या मार्गदर्शनाखाली १९६०च्या दशकाच्या अखेरीस उत्खनन केलं होतं. जमिनीत अर्धवट रुतलेले मोठे दगड गोलाकार मांडलेले दिसले, तर तिथे कुदळ लावू नका आणि ते दगड बांधासाठीही उचलू नका. पुरातत्त्व विभागाला कळवा आणि तेवढी जागा सोडून काम करा.

मेलेली वाटणारी जमीन

फेब्रुवारी-मार्चमध्ये, गवत वाळलेलं असताना, त्या जागेवर सकाळी पायी फिरा. सोबत एखादा गायकी आणि झाडपाला ओळखणारी एखादी आजी असू द्या. गुडघ्याएवढे पळस, बुडातून पुन्हा पुन्हा तोडलेला तेंदू, ढोरांनी कुरतडून गोल केलेली बोर, हिवर, खैर, मोवई, धावडा हे सगळं नीट पाहिलं तर दिसतं. वरून झुडूप, पण खाली मूळ कित्येक वर्षांचं. या मुळाला पावसाळ्यात फुटवा येतो आणि उन्हाळ्याआधी तो खाल्ला किंवा तोडला जातो. नवं रोप दोन वर्षांत जेवढी मुळं करेल, त्याच्या कितीतरी पट मुळं इथे आयती आहेत. एका खुंटाला सात-आठ फुटवे असतील, तर दोन-तीन सरळ, जोमदार ठेवून बाकीचे धारदार कोयत्याने छाटा. दुसऱ्या वर्षी त्यातलाही एक कमी करा. पळसासारखं झाड अशा राखणीने पाहता पाहता उभं राहतं.

आफ्रिकेतल्या नायजर देशात १९८०च्या दशकात टोनी रिनॉडो या ऑस्ट्रेलियन कृषितज्ज्ञाने हेच पाहिलं. रोपं लावण्याचे प्रयत्न वाळवंटी वाऱ्यात करपत होते आणि शेतातली झुडपं म्हणजे तोडलेल्या झाडांचे जिवंत खुंट होते. शेतकऱ्यांनी ते राखायला सुरुवात केली. पुढच्या दोन दशकांत तिथल्या सुमारे ५० लाख हेक्टरांवर झाडं परत आली. रोपवाटिकेचा खर्च जवळजवळ शून्य होता.

म्हणून पहिल्या वर्षी खुंटांची मोजणी करा, त्यांच्यावर चुन्याची खूण करा आणि जिथे खरोखर काहीच नाही एवढ्याच जागा लागवडीसाठी नकाशावर टिपा. हेक्टरी १,१११ रोपं, म्हणजे तीन बाय तीन मीटरवर, हा हिशेब मुरमाड जमिनीवर आंधळेपणाने लावू नका. खुंट चांगले असतील तर तीन-चारशे रोपंही पुरतात.

गवताकडेही प्रेमाने बघा. पवना, मारवेल, शेडा ही गवतं परतली की माती थांबते, आणि माती थांबली की झाडं आपोआप येतात. काही मुरमाड माळ तर गवताळच राहावेत. अकोला-वाशीम भागात फासेपारधी समाजाच्या साथीने तणमोरासाठी माळरानं राखण्याचं काम झालं आहे. तिथे झाडांची गर्दी केली असती तर तो पक्षीच गेला असता. हल्ली गाजणाऱ्या, दाट लागवडीच्या मियावाकी पद्धतीबद्दल माझं मत असं, की कारखान्याच्या आवारात किंवा ले-आउटच्या छोट्या मोकळ्या जागेत, जिथे दोन-तीन वर्षं पाणी देता येतं, तिथे ती चांगली. गायरानावर ती आणू नये. खर्च फार, आणि ढोरांच्या वाट्याला काहीच उरत नाही.

चराईचा प्रश्न टाळू नका

सगळ्यात जास्त वेळ याच कामाला द्या. पडीक जमिनीवरची राखण बहुतेकदा इथेच मोडते.

चराईबंदीचा ठराव ग्रामसभेत टाळ्यांनी मंजूर होतो. टाळ्या वाजवणाऱ्यांकडे बहुधा शेत असतं, धुऱ्यावरचं गवत असतं, कुटार असतं. ज्याच्याकडे चार बकऱ्यांखेरीज काही नाही, तो मागे उभा असतो आणि त्या ठरावाची किंमत त्यालाच मोजायची असते. तो रात्री कुंपण ओलांडणारच, आणि त्याला दोष देता येणार नाही. म्हणून ग्रामसभेआधी त्या घरांत जाऊन बसा. कोणाची किती जनावरं, कोणत्या महिन्यात कुठे चरतात, हे लिहून घ्या. महिलांची सभा वेगळी घ्या. जळण कुठून आणायचं हा प्रश्न पुरुषांच्या सभेत निघत नाही.

मग जमिनीचे तीन भाग पाडा. एक भाग बंद, दोन मोकळे. तीन ते पाच वर्षांनी, बंद भागातली झाडं बकरीच्या तोंडापलीकडे गेली की तो उघडा आणि दुसरा बंद करा. बंद भागातलं गवत जाळायचं नाही, वाया घालवायचं नाही, विळ्याने कापून न्यायचं. हिवरे बाजारने हेच केलं. १९९०च्या सुमारास पोपटराव पवार सरपंच झाल्यानंतर आणि पुढे आदर्श गाव योजनेत आल्यावर त्या गावाने कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, नसबंदी आणि श्रमदान हे नियम स्वीकारले, पण डोंगरावरचं गवत कापून नेण्याची वाट खुली ठेवली. चंदीगडजवळच्या सुखोमाजरी गावाने १९७०च्या दशकात एक पाऊल पुढे टाकलं. टेकडी राखल्यामुळे बंधाऱ्यात जे पाणी आलं, त्यात प्रत्येक घराचा सारखा वाटा ठरला, ज्याच्याकडे जमीन नाही त्याचाही. त्या घरांनी मग टेकडीची राखण स्वतःच केली, तारेचं कुंपण लागलं नाही.

आपल्या अधिक जवळचं उदाहरण अमरावती जिल्ह्यातल्या पायविहीरचं. मेळघाटच्या पायथ्याच्या या छोट्या गावाला वनहक्क कायद्याखाली २०१२ साली सामूहिक वनहक्क मिळाला. ‘खोज’ या संस्थेची साथ होती. उजाड झालेल्या जमिनीवर ग्रामसभेने चराई आणि तोडीचे नियम घातले, रोजगार हमीतून माती-पाण्याची आणि लागवडीची कामं घेतली. पुढे तिथली सीताफळं ग्रामसभेनेच बाजारात विकली. २०१४ साली गावाला संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाशी जोडलेला भारत जैवविविधता पुरस्कार मिळाला. बुटीबोरीच्या आसपास सामूहिक वनहक्काची परिस्थिती सगळीकडे नाही, पण दोन गोष्टी तशाच्या तशा घेता येतात. राखणीचे नियम गावाने ठरवले, आणि उत्पन्न गावाच्या हातात आलं.

राखणदार नेमाच. तो गावातलाच, शक्यतो गायकीच असावा. कोणती गाय कोणत्या वाटेने जाते हे त्याच्याइतकं कोणाला कळत नाही. आणि त्याचा पगार कुठून? इथे आपल्याजवळ एक सोय आहे जी मेळघाटात नाही, ती म्हणजे औद्योगिक वसाहतीतल्या कंपन्या. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे ठरावीक आकाराच्या वरच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. त्यांच्याकडे रोपं मागू नका. राखणदाराचा पगार, पाण्याचा टँकर आणि मोजणीची वही मागा. नियमांत बहुवर्षीय प्रकल्पाची तरतूद आहे. सुरुवातीचं वर्ष सोडून आणखी तीन वर्षांपर्यंत तो चालवता येतो. अर्ज करतानाच चार वर्षांचं अंदाजपत्रक द्या. पाचव्या वर्षाचा पगार गवताच्या उत्पन्नातून निघावा, हेही त्यातच लिहा.

पाणी, माती, आणि मग रोप

नागपूर भागात वर्षाला सरासरी हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. म्हणजे एका हेक्टरवर सुमारे एक कोटी लिटर पाणी. तरी मे महिन्यात आपण टँकर शोधतो, कारण मुरमाच्या उतारावरून हे पाणी मातीसकट वेणा नदीच्या दिशेने निघून जातं. काम माथ्याकडून पायथ्याकडे करा. उतारावर समपातळी रेषा आखा. त्यासाठी लाकडाची ए-फ्रेम आणि ओळंबा पुरतो, शाळेतली मुलंही ते शिकतात. त्या रेषेवर ६० सेंमी रुंद आणि ३० सेंमी खोल चर घ्या. असा दहा मीटरचा चर एका भरण्यात १,८०० लिटर पाणी थोपवतो. खणलेली माती उताराच्या बाजूला टाका आणि तिच्यावर पाऊस पडताच गवताचं बी फेका. ओघळीत अनघड दगडांचे छोटे बांध घाला. हे सगळं मे अखेरपर्यंत व्हायला हवं. काळ्या जमिनीत मात्र उलट धोका असतो. तिथे पाणी साचून मुळं कुजतात, म्हणून रोप उंचवट्यावर लावा.

मुरूम काढून नेलेल्या खदानींत वरची माती उरलेलीच नसते. त्यासाठी नीरीचं काम पाहण्यासारखं आहे. नागपूरच्या या संस्थेने सावनेर तालुक्यातल्या गुमगाव मँगनीज खाणीच्या ढिगाऱ्यांवर झाडं उभी केली. पद्धत अशी, की साखर कारखान्याची मळी आणि माती खड्ड्यात घालायची आणि सोबत नत्र स्थिर करणारे जिवाणू व मुळांना साथ देणारी बुरशी सोडायची. आपण घरगुती पातळीवर एवढं करू शकतो. कुजलेलं शेणखत घ्या आणि त्याच जातीच्या जुन्या, निरोगी झाडाखालची टोपलीभर माती प्रत्येक खड्ड्यात मुठीमुठीने घाला. त्या मातीत ते जिवाणू आणि बुरशी आधीच असतात. कारखान्याचं सांडपाणी ‘प्रक्रिया केलेलं’ म्हणून कोणी फुकट देऊ केलं, तर प्रयोगशाळेचा अहवाल पाहिल्याशिवाय घेऊ नका.

खड्डे एप्रिलमध्ये घ्या, उन्हाने तापू द्या. बियांचा हिशेबही ठेवा. मोहाची टोळ आणि कडुनिंबाची निंबोळी फार दिवस टिकत नाही, पडली की लगेच पेरायची. बाभूळ आणि बोरीचं बी बकऱ्यांच्या गोठ्यात सापडतं आणि पोटातून गेल्यामुळे ते चांगलं उगवतं. गोठ्याच्या मालकिणीला त्याचे पैसे द्या. लावायला कडुनिंब, करंज, आवळा, बेल, चारोळी, मोह, सीताफळ, बिबा, खैर, हिवर, येन, बांबू अशी मिसळ ठेवा. सुबाभूळ, ग्लिरिसिडिया, निलगिरी टाळा. रायमुनिया, म्हणजे घाणेरी, असेल तर फुलं येण्याआधी मुळासकट उपटा, पण एकदम सगळी नको. तिच्या सावलीत काही देशी रोपं तग धरून असतात, ती आधी पाहून घ्या.

रोप लावल्यावर पोळ्यापर्यंत एक निंदण, दिवाळीआधी दुसरं. बुंध्याभोवती कुटार किंवा वाळलेल्या गवताचा जाड थर द्या, पण खोडाला चिकटवू नका. पहिल्या दोन उन्हाळ्यांत आठ दिवसांनी एकदा भरपूर पाणी द्या. रोज लोटाभर दिलं तर मुळं वरच राहतात.

आगीचं काम फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात संपवा. चारही बाजूंनी तीन मीटर रुंद जाळरेषा स्वच्छ करा. एप्रिलमध्ये धुरे आणि पऱ्हाटी जाळण्याची जी सवय आहे, तिथून आग जास्त येते, म्हणून शेजारच्या शेतकऱ्यांना ठरावात आणा. पऱ्हाटी कुट्टी करून खड्ड्यात घालता येते. मोहफुलं वेचताना खालचा पाचोळा जाळतात. त्याऐवजी झाडाखाली जाळी अंथरा, फुलंही स्वच्छ मिळतात.

राखण ही एकेकट्याच्या जोरावर चालत नाही. तमिळनाडूत पुद्दुचेरीजवळ १९६८ साली ऑरोविल सुरू झालं, तेव्हा तिथे लाल, धूप झालेलं पठार होतं. आधी बांध घातले गेले, मग झाडं लागली. लोक तिथेच राहत होते, म्हणून हे जमलं. जमीन आणि घर यांचं अंतर जेवढं कमी, तेवढी राखण सोपी. आपल्या खेड्यांत गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना अजून भरते. महिन्यातून एकदा ती त्या जागेवर भरवा आणि नंतर तासभर श्रमदान करा. ले-आउटमध्ये राहणाऱ्यांनी घरचं सांडपाणी शोषखड्ड्यात सोडावं, ओल्या कचऱ्याचं खत मोकळ्या जागेला द्यावं. कामासाठी परप्रांतातून आलेल्या कुटुंबांनाही वहीत नाव, पाळी आणि वाटा द्या. चुलीवर स्वयंपाक करणाऱ्या घरांसाठी जळणाची वेगळी पट्टी लावा. हिवर, बाभूळ, बांबू लवकर येतात. जळण तिथून मिळालं तर इतर झाडांना कुऱ्हाड लागत नाही.

वाटणीचा ठराव पहिल्याच वर्षी लिहा, हाती काही यायच्या आधी. गवत दुसऱ्या पावसाळ्यात मिळेल, तेव्हा बकऱ्यावाल्या घरांना पहिला हक्क आणि दर कमी ठेवा. सीताफळ, आवळा चार-पाच वर्षांत. मोहाला फुलं यायला दहा वर्षंही लागतील. तोपर्यंत सरपंच बदलतील, काही घरं गाव सोडतील, नवी येतील. त्या फुलांवर कोणाचा हक्क, वेचणीचे दिवस कोण ठरवणार आणि विक्रीचा कितवा भाग राखणदाराच्या पगारासाठी बाजूला राहणार, हे आजच्या ग्रामसभेच्या नोंदवहीत, सगळ्यांच्या सह्या-अंगठ्यांसह, नोंदवून ठेवा.